वर सहा, खाली तीन

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … थांबा, थांबा, कानातलं हेडफोनचं बोंड निसटलं… हां. आता बोला. … अगं सुप्री, तू होय!

… कुठे म्हणजे? घरावर. … घरात नाही गं, घरावर. कौलांवर बसलेय.

… ओरडू नकोस. वायर कानात आहे, तुझं किंचाळणं थेट मेंदूत जातं.

… एकटीच. मग काय, बँड लावून चढू?

… साडी नाही नेसलेय. अप्पांची खाकी पँट घातलीय, कमरेला सुतळी बांधून. समोरचा म्हातारा गच्चीत येऊन मोबाइलमध्ये माझा व्हिडिओ काढतोय. काढू दे मेल्याला. बाप्या छपरावर चढला की तो कामाचा माणूस, आणि बाई चढली की तिचं डोकं फिरलंय. अठ्ठावन्न वर्षांत एवढं एक शिकले मी या जगाकडून.

… पडत नाही. फळी टाकलीय आडवी. पाय कौलाखालच्या लाकडी रिपेवर द्यायचा, दोन रिपांच्या मधे दिला की कौल टकन जातं. माहितीये मला. अप्पांच्या मागे मागे तुझ्यापेक्षा जास्त वेळा चढलेय.

… प्रतिमाला सांगितलंय लक्ष ठेवायला. शेजारची गं, प्रतिमा. … प्रतिमा! शिडी बेडा, बेडा, हलवू नको! तिथेच राहू दे! … हां, सरी. … नाही, तिला म्हणत होते, कन्नडात. बोल.

… चार वाजता? आहे की घरी. कुठे जाणार? त्यासाठीच तर सकाळी सातपासून वर आहे.

… त्यासाठीच म्हणजे काय! तूच नाही का सांगितलंस परवा? बिल्डरचा इंजिनिअर येणार चार वाजता, अण्णा त्याला घेऊन येणार. आता तो येणार, स्वयंपाकघरात उभा राहून मान वर करणार, ओट्यावरची ओल बघणार आणि लिहिणार, छप्पर धोक्याचं, घर राहण्यालायक नाही. मग तो कागद माझ्या नाकासमोर धरून मोठ्या बंधुराजांनी म्हणायचं, "वसू, तुझ्याच जिवासाठी सांगतोय, सही कर." मी सही करायची. घर पाडायचं. माझं बोचकं उचलून तुझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या त्या इस्त्रीच्या खोलीत टाकायचं. तिला खिडकी तरी आहे का?

… डक्टमध्ये उघडणाऱ्या भोकाला आम्ही खिडकी म्हणत नाही.

… हो, हो… अगं ऐक ना. ऐक. गळकं घर असेल तर लिहील ना तो? गळलंच नाही तर काय लिहील? पाइप लावून पाणी सोडणार आहे मी त्याच्यासमोर. अर्धा तास. एक थेंब ओट्यावर पडला तर मी त्याच्याच पेनानं सही करते.

… माणूस कशाला बोलवू? तीन माणसं येऊन गेली की. पहिला म्हणाला, अम्मा, कौलं काढून टाका, पत्रा घाला. दुसरा म्हणाला, पत्रा घाला. तिसऱ्यानं वर न चढताच सांगितलं, पत्रा घाला. तिघांच्या तोंडात एकच वाक्य आलं की मला घाम फुटतो. कोणी पढवून पाठवलं असेल? … अण्णाच. दुसरं कोण.

… संशयी म्हण, काही म्हण. तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात बेअरिंगा तपासल्या मी. पहाटे पाचची बस धरून. जो मालाबरोबर गोड हसत यायचा ना, त्याचीच पेटी मी आधी उघडायची. आणि त्याच पेटीतून निघायचा रद्दी माल.

… आता तूच सांग. मंत्रालयाच्या मठात दर्शनाला गेले तीन दिवस, तोवर या छपरातून थेंब नव्हता. आले त्याच संध्याकाळी पाऊस, आणि ओट्यावर धार. नळ सोडावा तशी. तीन दिवसांत छप्पर म्हातारं होतं का गं? मी नसताना कोणीतरी वर चढलंय. आणि गेटच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? एक तुझ्याकडे, एक त्याच्याकडे.

… हो ना, तुझ्या रणजीतरावांनी अण्णाला पाहिला म्हणून तर. शनिवारी, गेटमधून बाहेर पडताना. … रविवारी? … तू शनिवार म्हणाली होतीस. … नाही, शनिवारच म्हणाली होतीस, मी म्हटलं पण की शनिवारी तर त्याला मारुतीला जायचं असतं. … बरं, रविवार. असेल. पाहिला ना, झालं तर.

… तेच तर. तो तोंडानं गोड. परवा आला तेव्हाही काय, रिक्षात वीस कौलं घालून आला. जुनी, मंगळुरी. मी फोनवर गळतंय म्हटलं होतं ना, तर कुठलंसं घर पाडत होते तिथून वेचून आणली म्हणे. तू म्हणालीस, गेट उघडू नकोस अक्का, मापं घ्यायला येतोय. नाही उघडलं मी. पाऊण तास उभा होता बाहेर. मी आतून पडदा धरून बघत होते. कंबर धरून उभा होता. शेवटी रिक्षावाल्यानं कौलं उतरवली गटाराच्या कडेला, आणि हा म्हणाला, "वसू, कौलं बाहेर ठेवलीत गं." आणि गेला.

… मीही तेच म्हटलं. फुटकी असणार. वरून रंग लावून आणली असणार. हात लावला नव्हता आजवर.

… आज सकाळी तपासली. एकेक उचलून बोटाच्या सांध्यानं वाजवली. … हो, वाजवायची. तडा असेल तर बोदं वाजतं, चांगलं असेल तर टणटण. … वीसच्या वीस टणटण.

… काय माहीत. त्यात काहीतरी असेल. मला नाही कळलेलं अजून.

… अय्यो! … काही नाही, शेवाळावरून हात सरकला. … अगं नाही पडले! पडले असते तर बोलले असते का? तू ठेव फोन, मला काम करू दे. … मग ठेवत का नाहीस? आज फारच काळजी.

… उतरू? आत्ताच? कशाला? … इंजिनिअर बघेल काय ते, म्हणजे? त्यानं बघायच्या आधीच तर बघायचंय मला. स्वयंपाकघरावरचा भाग राहिलाय फक्त. आढ्याकडून आलेय खाली खाली.

… थांब. फुटलेलं दिसत नाहीये एकही. फट आहे पण. इथे बोटभर फट आहे. इथेही. कौल बसलंच नाहीये रिपेवर, नुसतं टेकलंय. पाणी शिरणार नाही तर काय. थांब हं, उचलते… निघालं.

… अं?

… काही नाही. कौल उलटं करून बघतेय. अप्पांचा आकडा आहे खाली. पांढरा ऑइल पेंट अजून कसा ताजा वाटतो बघ. आठवतं ना तुला? दर एप्रिलात सगळी कौलं उतरवायची, काथ्यानं घासायची, वाळवायची, परत लावायची. रिपा कुठल्या, तर कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या. एक दुसरीसारखी नाही. म्हणून प्रत्येक कौल कडेनं घासून त्याच्या त्याच्या जागेपुरतं बसवलेलं. वरचा आकडा ओळीचा, खालचा जागेचा. चुकून शेजारी लावलं तर बसायचं नाही. तुला एकदा मार बसला होता त्यावरून.

… हो, हसतेय. तू बोल, मी आणखी एक उचलते.

…

… आहे गं. आहे लाइनवर.

… नाही. नाही सापडलं काही. मुंगळा चावला.

… सुप्री, एक सांग. मला नीट आठवेना. वय झालं. अप्पांच्या ओळी कुठून सुरू व्हायच्या गं? वरून की खालून?

… खालून?

… म्हणजे वळचणीची पहिली, मग चढत चढत आढ्यापर्यंत. … नक्की? … नाही, मला वाटलं, अण्णाला विचारावं. … नको? बरं, नाही विचारत. … तुला पक्कं आठवतंय म्हणतेस. बरं.

… सुप्री, इथे स्वयंपाकघराच्या डोक्यावर चार ओळी आहेत हातभर रुंदीच्या, कोणीतरी काढून परत लावलेल्या. चोरानं नाही. चोर आकडे जुळवत बसत नाही. वानरानंही नाही. जागांचे आकडे डावीकडून उजवीकडे एकदम बरोबर, पाच, सहा, सात, आठ. लावणारानं एकेक उलटून वाचलंय, मग लावलंय. फार काळजीनं. फक्त ओळी उलट्या. वर तिसरी हवी आणि खाली सहावी. इथे वर सहा आहे, खाली तीन.

… कळलं नाही? सांगते ना.

… तुझं लग्न फेब्रुवारीत झालं. तू पुण्याला गेलीस. त्याच मे महिन्यात व्हरांड्यावर पत्रा घातला आपण, आणि वळचणीच्या दोन ओळी कायमच्या निघाल्या. पहिली आणि दुसरीच उरली नाही, तर खालून मोजणार काय? म्हणून अप्पांनी सगळे आकडे टर्पेंटाइननं पुसले आणि वरून मोजायला सुरुवात केली. आढ्याची पहिली. आठ दिवस चाललं होतं ते. अर्धे आकडे अप्पांच्या हातचे, अर्धे अण्णाच्या. हा जो सहा आहे ना माझ्या हातात, शेपूट वाकडी, तो अण्णाचा.

… नाही. तू ऐक आता.

… खालून मोजायची सवय असलेलं माणूस या घरात एकच उरलंय. अप्पा गेले. आई गेली. मी आणि अण्णा वरून मोजतो. परका माणूस मोजतच नाही. सुप्री, तू माझ्या घराच्या छपरावर काय करत होतीस?

… खोटं नको बोलूस.

… रणजीतरावांना मध्ये आणू नकोस, तुझं सांग.

… रड. रडून घे. मी बसलेय फळीवर, घाई नाही मला.

…

… फोटो? … कशाचे फोटो? … वाशांचे? कौलं काढून वाशांचे फोटो काढलेत? उजेडात नीट यावेत म्हणून? … आणि शिडी कोणी धरली, रणजीतरावांनी? … तू वर चढलीस? तू? तुला स्टुलावर उभं राहिलं की गरगरतं.

… वाळवी? कुठली वाळवी? तो चुलीचा धूर आहे बाई! चाळीस वर्षांचा धूर, आईच्या भाकऱ्यांचा. तो काळा वासा ठोकून बघ, हातोडी उडून येईल. त्याचा फोटो काढून तुम्ही कोणाला दाखवलात? … बिल्डरला. … आणि इंजिनिअरला. म्हणजे त्यानं लिहून आणलेलंच आहे. चार वाजता नुसता तोंड दाखवायला येतोय.

… गळायला लागावं म्हणून नाही केलंस? … हो, ते मानते. ते दिसतंय मला. तू अगदी नीट लावलीस. हा बघ, सातच्या शेजारी आठ. अप्पांनी शाबासकी दिली असती. वेडीवाकडी टाकली असतीस तर मला त्याच दिवशी वर यावं लागलं असतं. तू नीट लावलीस म्हणून खालून काही दिसलं नाही, आणि मी तीन आठवडे पातेली मांडत बसले.

… माझ्या भल्यासाठी.

… पुन्हा म्हण. … पुन्हा एकदा म्हण, समोरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाऊ दे. माझ्या भल्यासाठी. आईच्या भल्यासाठी माझं लग्न पुढे ढकललं, अप्पांच्या भल्यासाठी नोकरी धरून ठेवली, तुझ्या भल्यासाठी तुझ्या बाळंतपणाला चार महिने बिनपगारी रजा काढली. या घरात माझं भलं एकदाच कोणाला सुचलं, आणि तेव्हा त्याला आधी कुलूप उघडून चोरासारखं वर चढावं लागलं?

… ओरडत नाहीये. … प्रतिमा, एन इल्ला! काही नाही, फोन आहे! … बघ, तिलाही वाटलं पडले.

… एकटी मरून पडेन? पडेन की. तुझ्या फ्लॅटमध्ये काय मरणार नाही? तिथे फक्त लिफ्टनं उतरवाल.

… थांब. थांब, थांब. एक राहिलं. अण्णा.

… अण्णा गेटमध्ये दिसला रणजीतरावांना. शनिवारी. का रविवारी. … दिसला की नाही?

… सुप्री, दिसला की नाही?

… नाही दिसला.

… मग ते का सांगितलंस मला?

… "तू भांडशील म्हणून" हे उत्तर नाही. मी कोणाशी भांडले ते बघ. तुझ्याशी नाही भांडले.

… इंजिनिअर अण्णा आणतोय, हेही तुझंच? … म्हणजे आणतायत रणजीतराव. … आणि ती तीन पत्रा घाला, पत्रा घाला म्हणणारी माणसं? … तीही. वा. पुण्याहून आलेला जावई, हिंदीशिवाय रिक्षा ठरवता येत नाही, पण पत्रेवाले बरे सापडले त्याला.

… अण्णा काय म्हणाला होता? … आधी विचारलंच असेल ना त्याला? घर तिघांच्या नावावर आहे. तिघांच्या सह्या लागतात. काय म्हणाला?

… मोठ्यानं सांग.

… "वसू हो म्हणत नाही तोवर मी सही करणार नाही." … असं म्हणाला. … कधी? … गणपतीच्या आधी.

… म्हणजे दोन महिने. दोन महिने तो नाही म्हणतोय, आणि तू रोज दुपारी जेवण झालं की मला फोन करून सांगतेस, अक्का, अण्णापासून सांभाळ. अण्णा कागद करतोय. अण्णा मापं घेतोय. मी त्याला सहीचं सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडलं असतं सगळं, म्हणून तू विचारूच दिलं नाहीस. … हो, मी मूर्ख. मान्य. तुम्ही चावी दिली आणि मी चालत राहिले. गोड हसत येणाऱ्याची पेटी आधी उघडायची हे मला कळत होतं, पण माझ्याच बहिणीची पेटी नाही उघडली मी.

… सही केलीस का तू?

… केलीस.

… कधी ते नको सांगूस. नको. मला ऐकायचं नाही.

… हर्षच्या शिक्षणासाठी? पोराला आणू नकोस यात. त्याला विचार, त्याला मावशीचं घर पाडून शिकायचंय का.

… काय करणार म्हणजे? ही कौलं काढणार, नीट लावणार. तीन वर, सहा खाली. दोन तास आहेत. चार वाजता येऊ दे तुमचा इंजिनिअर. पाणी सोडणार म्हटलंय तर सोडणार. तुझी सही तुझ्यापाशी. तिघांतली एक.

… तू येतेस? आत्ता? कशाला? … नको. मदतीला माणूस बोलवायचंय मला, पण तू नाही. … नाही, रागानं नाही म्हणत. तुझ्या हातात कौल देऊन मी खाली बघू शकणार नाही, एवढंच.

… अण्णाला फोन लावणार आहे.

… काय सांगू म्हणजे? पाऊण तास उभा ठेवलेल्या माणसाला काय सांगतात? मला माहीत नाही. त्याच्या जागी मी असते तर माझा फोन उचलला नसता. उचलला नाही तर तेही बरोबरच.

… तू नको सांगूस त्याला. अजिबात नको. माझ्या तोंडून जाऊ दे. … नाही सुप्री, मी ओळखते तुला. हा फोन ठेवशील आणि माझ्या आधी त्याला लावशील, आणि तुझ्या पद्धतीनं सांगशील. अक्काला वेड लागलंय, छपरावर चढून बसलीय, काहीबाही बोलतेय. तो बिचारा तुझंही खरं मानेल. … शपथ नको घेऊस. मी आता लगेच लावणार आहे. त्याचा नंबर एंगेज आला तर कोणाशी बोलतोय ते मला कळेल, आणि मग मी तुझं तोंड बघणार नाही.

… बरं. ठेव.

… नाही, मी नाही, तू ठेव. आधी तू. तू ठेवलेला मला ऐकायचाय.

…

… सुप्री?

… तुझा श्वास ऐकू येतोय मला. ठेव.